'जसे आहे तसे' या शब्दांची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना 'मान्य आहे' या बटणावर क्लिक करण्याआधी जो परवाना करार समोर येतो, त्यातला एक परिच्छेद बहुधा सलग कॅपिटल अक्षरांत असतो. सॉफ्टवेअर 'जसे आहे तसे' दिले जात असून ते बिनचूक किंवा विनाखंड चालेल याची हमी नाही, असे त्यात म्हटलेले असते. संगणक अडकला की निमूटपणे रीस्टार्ट करण्याची सहनशीलता वापरकर्त्यांच्या स्वभावाला चिकटवली जाते. माझ्या मते तिचे मूळ या परिच्छेदात आहे.

दुखणे जुनेच. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत सॉफ्टवेअरच्या संकटाची, म्हणजे ते उशिरा आणि सदोष तयार होण्याची, चर्चा झाली होती. सदोष मालाची जबाबदारी कोणाची, हा वाद मात्र अमेरिकी न्यायालयांत १९९० च्या दशकात रंगला. १९९१ मध्ये एका अपील न्यायालयाने सॉफ्टवेअरच्या खोक्यावर छापलेला, हमी नाकारणारा मजकूर कराराचा भाग मानला नाही, कारण व्यवहार माल पोहोचण्याआधीच ठरला होता. १९९६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने खोक्याच्या आतल्या अटीही बंधनकारक ठरवल्या. पटल्या नाहीत तर ग्राहकाला माल परत करता येतो, हे त्याचे कारण. हा खटला सदोष सॉफ्टवेअरचा नव्हताच, तर सीडीवरील टेलिफोन डिरेक्टरीची माहिती परस्पर इंटरनेटवर देण्याचा होता. तरीही परवान्यांना बळ मिळाले ते याच निकालाने. दोष खोके उघडताना दिसत नाही, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर दिसतो, याचा विचार त्या तर्कात नाही आणि तो व्हायला हवा होता.

हार्डवेअरला अशी सवलत मिळाली नाही. १९९४ मध्ये एका प्रोसेसरच्या भागाकारात क्वचित उद्भवणारी चूक आढळली, तेव्हा उत्पादकाला टाळाटाळीनंतर मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली आणि ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसावा लागला. त्याच सुमारास आलेले विंडोज ९५ सलग ४९.७ दिवस चालले की थिजू शकत असे, कारण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा भरून पुन्हा शून्यावर येई. त्यावर वापरकर्त्यांना मिळाली ती दुरुस्तीची फाइल.

१९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्याच वर्षी युरोपात सॉफ्टवेअरला स्पष्टपणे 'उत्पादन' मानून भरपाईच्या कक्षेत आणणारा निर्देश संमत झाला. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना तो लागू होईल. निव्वळ व्यावसायिक कामाचा डेटा नष्ट झाला, तर त्याची भरपाई मात्र त्यातून वगळलेली आहे.