कंट्री गायकांचे कृष्णवर्णीय गुरू

२ फेब्रुवारी २०२५ रोजी बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. या विभागात कृष्णवर्णीय कलाकाराने मिळवलेलं हे पहिलंच ग्रॅमी. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावाकडचं, गोऱ्यांचं मानलं जाणारं संगीत. त्याआधी वर्षभर अमेरिकेत एकच वाद रंगला होता: ही बाई कंट्रीत काय करतेय? कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने तर २०२४च्या पुरस्कारांसाठी तिला एकही नामांकन दिलं नव्हतं. बियॉन्से टेक्सासमधल्या ह्यूस्टनची, तेव्हा प्रांताच्या हिशेबाने तिला परकं म्हणणं अवघडच आहे. पण ते सोडून देऊ. कंट्रीचे मूळपुरुष म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांना शिकवलं कोणी, एवढं जरी पाहिलं तरी तो वाद पोकळ वाटायला लागतो.

सुरुवात वाद्यापासून करू. त्या अल्बममधलं 'टेक्सास होल्ड एम' बँजोवर सुरू होतं. (गणपतीच्या मिरवणुकीत आपल्याकडे वाजतो तो बेंजो वेगळा. तो बुलबुलतरंगाच्या जातीचा, बटणं दाबून वाजवायचा.) अमेरिकी बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेत सापडतात. सेनेगल-गांबियाच्या पट्ट्यातल्या जोला लोकांचं अकोन्टिंग हे त्यांतलं एक: भोपळ्यावर ताणलेलं कातडं, लांब दांडी, तीन तारा. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी हे वाद्य आधी कॅरिबियन बेटांवर आणि मग अमेरिकेत पुन्हा घडवलं. हे लोकांना ठाऊक नव्हतं असंही नाही. कृष्णवर्णीयांनी हे वाद्य आफ्रिकेतून आणल्याचं थॉमस जेफरसनने १७८०च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. पुढे १८४०च्या दशकात तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या मंडळ्या निघाल्या, त्यांनी बँजो रंगमंचावर आणला, आणि शंभर वर्षांत तो डोंगरी गोऱ्या शेतकऱ्यांची ओळख होऊन बसला.

मात्र खरी फाळणी रेकॉर्ड कंपन्यांनी केली. १९२०मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं 'क्रेझी ब्लूज' काढलं, ते तुफान खपलं. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकं रेकॉर्ड विकत घेतात हे तेव्हा धंद्याच्या लक्षात आलं. १९२३मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवाल्याची (फिडल म्हणजे व्हायोलिनच) रेकॉर्ड निघाली आणि गावाकडचे गोरेही गिऱ्हाईक आहेत हे कळलं. दोन्हीकडे ओकेचा राल्फ पीअर हाच माणूस होता. मग कंपन्यांनी दोन याद्या केल्या, कृष्णवर्णीयांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. खेड्यातल्या नाचाच्या कार्यक्रमांत दोन्ही वर्णांचे वादक तीच गाणी वाजवत असत. फिडल-बँजो वाजवणारी कृष्णवर्णीय मंडळी दक्षिणेत गावोगाव होती. पण कंपनीला त्यांच्याकडून हवे असायचे ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची व्यथेची गाणी, कारण त्या यादीत तोच माल खपत होता. परिणामी त्यांचं फिडलवादन फारसं मुद्रित झालं नाही, आणि जे मुद्रित नाही ते नव्हतंच असं पुढच्या पिढ्यांनी गृहीत धरलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीची गोम इथे आहे. वादकांनी भिंत बांधली नव्हती, ती विक्रीच्या सोयीसाठी उभी राहिली.

१९२७च्या जुलै-ऑगस्टमध्ये याच पीअरने टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी बाहेरून आलेल्या गायकांचं ध्वनिमुद्रण केलं. कंट्रीचा जन्म तिथे झाला असं मानलं जातं, कारण कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे दोन्ही तिथे पहिल्यांदा माइकसमोर उभे राहिले.

कार्टर कुटुंबात ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची चुलत बहीण मेबेल. ए. पी.चं खरं काम गाणी गोळा करण्याचं. डोंगराळ भागातली घरं, गिरण्या, चर्च पालथी घालून तो जुनी गाणी उतरवून आणायचा. त्याला शब्द लिहून घेता यायचे, चाल मात्र डोक्यात टिकत नसे. टेनेसीतल्या किंग्सपोर्टला त्याची गाठ लेस्ली रिडल या तरुण कृष्णवर्णीय गिटारवादकाशी पडली. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात रिडलने एक पाय गमावला होता, दुसऱ्या एका अपघातात हाताची दोन बोटंही गेली होती. तरी गिटार अशी वाजवायचा की ए. पी. त्याला घरी घेऊन गेला. पुढे दोघं मिळून हिंडू लागले. ए. पी. शब्द टिपायचा, रिडल चाल कानात साठवायचा आणि घरी येऊन सारा आणि मेबेलला वाजवून दाखवायचा. वंशभेदाचे कायदे असलेल्या त्या मुलखात कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये ए. पी.साठी दारं उघडली, तीही रिडल सोबत असल्यामुळे. 'कॅननबॉल'सारखं गाणं कार्टरांकडे आलं ते रिडलकडून. मेबेलच्या गिटारवादनावरही त्याची छाप पडली, आणि मेबेलची गिटार म्हणजे पुढच्या प्रत्येक कंट्री गिटारवाल्याचा पहिला धडा.

गोळा केलेल्या गाण्यांवर नाव लागलं ए. पी. कार्टरचं. तेव्हाची रीतच तशी होती; ज्याच्या नावावर हक्क नोंदवला त्याला रॉयल्टी. रिडल १९४०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला आणि त्याने गिटारही सोडून दिली. १९६५मध्ये लोकसंगीताचा अभ्यासक माइक सीगर त्याच्यापर्यंत पोचला, तो मेबेलने त्याचं नाव सांगितलं म्हणून.

आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. तिकडे तसा रिवाज नाही, तरी या शिष्यांपैकी बहुतेकांनी नाव लपवलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. लपवलं ते रेकॉर्डच्या लेबलांनी आणि जाहिरातींनी.

जिमी रॉजर्सचंच पाहा. मिसिसिपीतल्या मेरिडियनचा हा रेल्वे कामगार. रुळांवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय टोळ्यांना पाणी पुरवता पुरवता त्याने त्यांची गाणी उचलली, त्या ब्लूजच्या सांगाड्यात स्वतःचं योडलिंग (आवाज झटक्यात खालून वर नेत गाणं) बसवलं, आणि 'ब्लू योडल' नावाची मालिका तयार झाली. १६ जुलै १९३० रोजी हॉलिवूडमध्ये 'ब्लू योडल नंबर ९' मुद्रित झालं तेव्हा ट्रम्पेटवर कृष्णवर्णीय जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर त्याची पत्नी लिल हार्डिन होती. लेबलवर दोघांचीही नावं नव्हती. चाळीस वर्षांनी, १९७०मध्ये, कंट्री गायक जॉनी कॅशने आपल्या टीव्ही कार्यक्रमात आर्मस्ट्राँगला बोलावून तेच गाणं त्याच्यासोबत गायलं आणि साऱ्या देशाला तो किस्सा सांगितला. कॅश स्वतः मेम्फिसमध्ये दारोदार वस्तू विकत फिरत असताना गस कॅनन या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय बँजोवाल्याच्या ओसरीवर जाऊन बसायचा.

केंटकीतला बिल मनरो, ब्लूग्रास या कंट्रीच्या वेगवान शाखेचा जनक, पैसे घेऊन पहिल्यांदा वाजवायला बसला तो आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाच्या जोडीला. शुल्ट्झ कोळसा खाणीत काम करायचा आणि फिडल आणि गिटार दोन्ही वाजवायचा. अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि बोटांनी चाल, ही त्याची पद्धत केनेडी जोन्स, मोझ रेगर, आइक एव्हर्ली अशा हातांतून मर्ल ट्रॅव्हिसपर्यंत गेली आणि 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणून जगभर झाली. शुल्ट्झ १९३१मध्ये वारला. त्याची एकही रेकॉर्ड नाही. मनरोने मुलाखतींतून त्याचं नाव घेत राहिल्यामुळेच तो आपल्याला ठाऊक आहे.

आणि कंट्रीचा बडा गायक हँक विल्यम्स. अलाबामातल्या जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिल गावांत रूफस पेन नावाचा एक कृष्णवर्णीय गायक रस्त्यावर गिटार वाजवत फिरायचा. लोक त्याला टी-टॉट म्हणत. शेंबडी पोरं त्याच्या मागे हिंडत, त्यांत दहा-अकरा वर्षांचा, हाडकुळा, पाठीच्या दुखण्याने खेळायला न जाणारा हँक होता. हँकची आई लिली टी-टॉटला जेवू घालायची आणि तो पोराला शिकवायचा. पंधरा सेंट किंवा जे काही हाताला लागेल ते आपण त्याला शिकवणीचे द्यायचो, असं हँकने पुढे सांगितलं. आपलं संगीताचं सगळं शिक्षण त्याच्याकडे झालं असंही तो प्रसिद्धीच्या शिखरावर असताना म्हणाला. तेही १९५०च्या आसपास, अलाबामात, जिथे गोऱ्या माणसाने असं जाहीर बोलणं सोपं नव्हतं. टी-टॉटकडून हँकने नुसत्या सुरावटी घेतल्या नाहीत. अनोळखी माणसाला चालता चालता थांबवायचं कसं, हेही तो तिथेच शिकला असावा. रस्त्यावर पोट असणाऱ्याला ते यावंच लागतं. पेन १९३९मध्ये माँटगोमरीत कंगाल अवस्थेत वारला. त्याची नेमकी कबर कुठली ते माहीत नाही. लिंकन दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड नंतर बसवला गेला.

पडद्यामागचे गुरू हे असे. पण एक माणूस थेट व्यासपीठावर होता.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर शनिवारी रात्री 'बार्न डान्स' लागायचा. त्याच्या आधी अभिजात संगीताचा कार्यक्रम असे. १९२७च्या अखेरीस एका शनिवारी त्या कार्यक्रमाच्या निवेदकाने सांगितलं की अभिजात संगीतात वास्तववादाला जागा नसते, तरी अपवाद म्हणून आगगाडीवरची एक रचना ऐकवतो. त्यानंतर माइक हाती आला 'बार्न डान्स'चा निवेदक जॉर्ज हे याच्या. तो म्हणाला, आता पुढे नुसता वास्तववादच आहे, आणि त्याने डीफर्ड बेलीला पुढे केलं. बेलीने माउथऑर्गनवर 'पॅन अमेरिकन' एक्सप्रेस अशी पळवली की शिटीसुद्धा खरी वाटावी. ते संपल्यावर जॉर्ज हे म्हणाला, इतका वेळ ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता 'ग्रँड ओल ऑप्री' ऐका. कंट्रीच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठाचं बारसं असं एका कृष्णवर्णीय वादकाच्या वादनावर झालं.

बेली लहानपणीच्या पोलिओने खुरटलेला, जेमतेम पाच फुटांचा. १९२८मध्ये ऑप्रीच्या ५२ कार्यक्रमांपैकी ४९मध्ये तो होता. इतर कोणीही इतक्यांदा नव्हतं. रेडिओवर कातडीचा रंग दिसत नाही. कित्येक श्रोत्यांना तो कृष्णवर्णीय आहे हे दौऱ्यावर त्याला पाहीपर्यंत कळलं नसेल. दौऱ्यांत रॉय अकफ, बिल मनरो यांच्या खेळांना गर्दी व्हायची ती बेलीच्या नावावरही, पण रात्री त्याला त्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. १९४१मध्ये त्याला काढून टाकलं. रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांच्या भांडणामुळे त्याची नेहमीची गाणी रेडिओवर वाजवायला बंदी आली होती, आणि तो नवी शिकत नाही असा ठपका ठेवला गेला. जॉर्ज हे महाशयांनी पुढे पुस्तिकेत त्याला आळशी ठरवलं, वर त्याचा संबंध वंशाशी जोडला. बेली नंतर नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवत होता. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५मध्ये, त्याच्या मृत्यूला तेवीस वर्षं उलटल्यावर.

ऑप्रीचा रेडिओ गोऱ्यांच्याच घरी वाजत होता असं नाही. पुढे नामवंत झालेला कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स लहानपणी फ्लोरिडात तो ऐकायचा. पुढे टँपात तो फ्लोरिडा प्लेबॉईज या गोऱ्या कंट्री बँडसोबत पियानो वाजवत असे. १९६२मध्ये त्याने कंट्री गाण्यांचा अल्बम काढायचं ठरवलं. तो अल्बम १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि नॅशव्हिलच्या गीतकारांची गाणी जिथे कधी पोचली नव्हती तिथे पोचली. विली नेल्सनसारखे त्याचे चाहते पुढे त्याच्यासोबत गायले.

मिसिसिपीतल्या स्लेज गावी बटईने कापूस पिकवणाऱ्या एका घरात वडिलांच्या फिल्को रेडिओवर हाच कार्यक्रम लागायचा. त्या घरातला चार्ली प्राइड हँक विल्यम्स ऐकत मोठा झाला. बेसबॉल खेळला, मोंटानात धातू गाळण्याच्या कारखान्यात राबला, आणि १९६५मध्ये आरसीए कंपनीने त्याला करारबद्ध केलं. कंपनीने त्याच्या पहिल्या रेकॉर्ड रेडिओ केंद्रांना पाठवल्या त्या त्याचा फोटो न लावता. आवाज ऐकून घ्या, माणूस नंतर दाखवू, असा हिशेब. १९६६मध्ये डेट्रॉइटला तो मंचावर आला तेव्हा टाळ्या विरून गेल्या. माझा हा उन्हाने रापलेला रंग कायमचा आहे, असं काहीसं तो गमतीने बोलला आणि लोक हसले. पुढे २९ गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर, १९७१चा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च पुरस्कार. १९८०मध्ये त्याने हँकची गाणी घेऊन एक अख्खा अल्बम केला आणि त्यातली दोन पहिल्या क्रमांकावर नेली. टी-टॉटने जॉर्जियानाच्या रस्त्यावर गोऱ्या पोराला दिलेली विद्या अशी हँककडून पुन्हा एका कृष्णवर्णीय गायकाच्या गळ्यात आली.

पण प्राइडच्या मागे दार उघडं राहिलं नाही. १९६९मध्ये ऑप्रीवर गाणारी पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका लिंडा मार्टेल एकच अल्बम काढून बाजूला पडली. प्राइडचं शेवटचं पहिल्या क्रमांकाचं गाणं १९८३चं. त्यानंतर एखाद्या कृष्णवर्णीय गायकाचं एकल गाणं तिथे पोचायला २००८ उजाडलं. तो डेरियस रकर, आणि तो प्राइडला गुरुस्थानी मानतो. या पंचवीस वर्षांत कर्तबगार गायक नव्हते असं म्हणणं धाडसाचं होईल. रेडिओ केंद्रांना आपला श्रोता कोण याची १९२०च्या दशकातली कल्पना सोडवत नव्हती, हे जास्त पटतं.

२००५मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बून इथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचं संमेलन भरलं. तिथे भेटलेले रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे त्यानंतर मेबेन गावच्या जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊ लागले. थॉम्पसन तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. फिडल ते वडिलांकडून शिकलेले, आणि गोऱ्या-काळ्यांच्या नाचांत चुलतभाऊ ओडेलच्या बँजोसोबत वाजवत आलेले. रेस आणि हिलबिली या दोन याद्यांनी पुसून टाकलेली परंपरा त्यांच्या बैठकीच्या खोलीत चालूच होती. या तिघांनी तिथे शिकलेल्या वादनावर 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा केला, २०११मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. 'टेक्सास होल्ड एम'मधला बँजो याच गिडन्सने वाजवला आहे.