टो स्ट्रॅप आणि रुंद पट्टा: फिक्स्ड गिअरवर पाय कशात अडकवायचा

फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, जिच्यात चाकाबरोबर पेडलही फिरतंच राहतं; तिच्यावर पाय पेडलला धरून ठेवतो तो स्ट्रॅप. 'फिक्सीला स्ट्रॅप कुठला घेऊ?' या प्रश्नाला उत्तरं येतात ती रंगाची आणि किमतीची. आधी उलट विचारायला हवं की बाबा, कुठल्या जातीचा स्ट्रॅप? विकणाऱ्यांनी 'पेडल स्ट्रॅप' या एका नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या वस्तू ठेवल्यात. एक म्हणजे टो क्लिपमधून, म्हणजे पेडलच्या पुढच्या पिंजऱ्यातून, ओवायचा, बोटभर रुंदीचा, बक्कलवाला चामडी किंवा नायलॉनचा पट्टा. दुसरा म्हणजे सपाट पेडलवर आडवा बसणारा, चवड्याचा बराच भाग झाकणारा वेल्क्रोचा रुंद पट्टा. दोघांना लागणारी पेडल वेगळी, लावायची रीत वेगळी, आणि मुख्य म्हणजे वापरायची सवय वेगळी. एकाची सवय दुसऱ्यावर चालवली की माणूस सिग्नलला आडवा होतो.

पहिला प्रकार तुम्हाला माहीत आहे. जिममधल्या स्पिन बाइकच्या पेडलवर पुढे जो पिंजरा असतो आणि वरून पट्टा ओढतात, तोच हा. पिंजरा बोटांना पुढे सरकू देत नाही, पट्टा पाय वर उचलू देत नाही. जपानी केइरिनमध्ये (ट्रॅकवरच्या सायकलशर्यतीत) आजही व्यावसायिक रायडर क्लिप आणि पट्ट्यावरच धावतात, आणि तिथे पट्ट्यालासुद्धा एनजेएसचा, म्हणजे केइरिनच्या सामानाला मिळणाऱ्या मान्यतेचा, शिक्का लागतो. रोड रेसिंगमधून मात्र ही जोडी १९८५ नंतर मागे पडली. त्या वर्षी फ्रेंच रायडर बर्नार्ड इनोने लूक कंपनीची क्लिपलेस पेडल (पिंजरा-पट्ट्याशिवाय बूट थेट पेडलमध्ये अडकणारी) वापरून तूर द फ्रान्स जिंकली. इतकं पुरे.

स्पिन बाइकवर पट्टा सैल राहिला तर फारतर पाय निसटेल. रस्त्यावरच्या फिक्सीवर पट्टा हा ब्रेकचा भाग असतो. फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, फिरणारच. वेग कमी करायचा तर मागून वर येणारं पेडल एका पायाने दाबून धरायचं आणि पुढून खाली जाणारं पेडल दुसऱ्या पायाने वर खेचायचं. स्किड मारतानाही, म्हणजे मागचं चाक अडवून घसरवतानाही, हेच, फक्त वजन पुढे टाकून आणि क्रँक आडवे ठेवून. म्हणजे पट्ट्यावर सगळा ताण पुढच्या पायाचा आणि वरच्या दिशेने. ऐन वेळी तो पाय सुटला तर पेडल फिरून नडगीवर बसतं आणि थांबवायला काही उरत नाही. म्हणून कुठलाही पट्टा घ्या, पुढचा ब्रेक काढू नका. ब्रेकशिवाय फिक्सी 'स्वच्छ' दिसते, हा युक्तिवाद भर रहदारीत ऐकवत नाही.

आता लोक जिथे चुकतात ते. टो स्ट्रॅपची घट्टी दर वेळी हाताने ठरते. रुंद पट्ट्याची घट्टी घरी एकदाच ठरते.

टो स्ट्रॅपमध्ये पाय घालताना पट्टा सैल असतो. दोन-चार फेऱ्या झाल्या, सायकल सरळ चालायला लागली, की वाकून पट्ट्याची शेपटी, म्हणजे मोकळं टोक, वर ओढायची. थांबायच्या आधी, सिग्नल वीस-तीस मीटरवर असतानाच, अंगठ्याने बक्कल बाहेर ढकलून किमान एक पाय सैल करायचा. दिवसभर हा व्यवहार चालतो. तो ज्यांना कटकटीचा वाटतो ते पट्टा कायमचा अर्धवट सैल ठेवतात. साध्या बुटात तसं फिरता येतं, पाय मागे ओढला की सुटतो. पण जोरात मागे रेटा द्यायची वेळ आली की तोच पाय तितक्याच सहज वर निघतो. म्हणजे पिंजऱ्याचं ओझं वागवायचं आणि पकड मात्र नाही. त्यात बुटाच्या तळव्याला खाचेचं जुनं ट्रॅक क्लीट (पेडलला अडकणारा कडक तुकडा) असेल तर गंमत उलटी: क्लीटची खाच पेडलच्या पत्र्यात बसलेली असते, त्यामुळे पाय मागे ओढून येतच नाही. आधी पट्टा सोडायचा, मग पाय वर उचलायचा. असे बूट शहरात घालू नयेत.

रुंद पट्ट्याला बक्कल नाही आणि चालत्या सायकलवर हात लावायचं कारण नाही. पाय सरकवायचा, ओढून काढायचा, बस. पण यासाठी वेल्क्रो अगदी नेमक्या जागी चिकटवलेला हवा, आणि लोक इथेच टो स्ट्रॅपचा हिशोब लावतात: जितका घट्ट तितका चांगला. मग पाय शिरताना कोंबावा लागतो आणि निघताना निघत नाही. याउलट 'आरामात जातो ना' म्हणून ढिला ठेवला, तर पुढे पिंजरा नसल्याने पाय घसरत जाऊन चवड्याऐवजी तळव्याची कमान पेडलच्या एक्सलवर (आसावर) येते.

नेमकी जागा भिंतीला धरून सापडते. नेहमीचे बूट घाला, खोगीर धरून मागचं चाक उचला आणि एक क्रँक पुढे आडवा आणा. चाक खाली टेकवून सीटवर बसा, एक हात भिंतीला. पाय आत सरकवा, चवडा एक्सलच्या बरोबर वर यायला हवा. आता पाय सरळ वर खेचा. बूट आणि पेडल यांच्यात पेन्सिल जाईल इतकी फट पडली तर चालेल, त्याहून जास्त पडली तर पट्टा ढिला आहे. मग टाच किंचित बाहेर फिरवून पाय मागे ओढा. एका हिसक्यात यायलाच हवा. नाही आला तर वेल्क्रो तीन-चार मिलिमीटर सोडा आणि पुन्हा बघा. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. जमलं की वेल्क्रोच्या कडेला मार्करने रेघ ओढून ठेवा.

यातून बुटांचा प्रश्न येतो आणि बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच व्हायला हवा. रुंद पट्टा एका बुटासाठी लावलेला असतो. कॅनव्हासच्या बुटावर बसवला आणि दुसऱ्या दिवशी जाड सोलचे ऑफिसचे बूट घातले, तर पाय शिरणार नाही. रोज वेगळं पायताण घालणाऱ्याने टो स्ट्रॅपच घ्यावा, बक्कल ओढली की कुठल्याही बुटाला बसतो. एकच जोडी घालून फिरणाऱ्याला शहरात रुंद पट्टा अधिक सुखाचा: ताण रुंदीभर पसरतो, तर बोटभर पट्टा पातळ बुटावरून रुततो आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. कोल्हापुरी चप्पल घालून दोन्हींपैकी काहीच वापरू नका.

पेडलची गोष्ट थोडक्यात. टो क्लिपला पुढच्या पत्र्यात दोन बोल्टची भोकं हवीत आणि दोन्ही बाजूंना पट्टा जाईल अशी फट. एमकेएस कंपनीचं सिल्व्हन ट्रॅक हे यासाठी सोपं, खात्रीचं पेडल. रुंद पट्ट्याला बीएमएक्सचं सपाट पेडल हवं, पण दोन्ही कडांना आरपार खिडकी असलेलं. पातळ, देखणी अ‍ॅल्युमिनियमची पेडल घेऊन लोक पट्टा मागवतात आणि मग कळतं की ओवायला जागाच नाही. पेडलवर बूट घसरू नये म्हणून बारीक पिना असतील तर पट्ट्याखाली येणाऱ्या काढून टाका, त्या कापड कुरतडतात.

टो स्ट्रॅप ओवताना एक गोष्ट सर्रास चुकते. पट्टा बाहेरच्या फटीतून आत घ्या, पेडलच्या पोटात त्याला एक पूर्ण पीळ द्या, मग आतल्या फटीतून काढून क्लिपच्या कडीतून वर आणा आणि बक्कलमध्ये घाला. पीळ नसेल तर ओढताना अख्खा पट्टा गोल सरकतो आणि बक्कल पेडलखाली जाऊन बसते. बक्कल बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या किंचित वर हवी. आतल्या बाजूला ठेवली तर क्रँकला घासते. शेपटी बक्कलमध्ये उलटी दुमडून खोचायची फॅशन आहे, ती सोडा. दिसायला नीटनेटकी, पण घाईत अंगठा फसतो. पट्टा साध्या चामड्याचा असेल तर पहिले काही आठवडे ताणत राहतो, म्हणून मधे नायलॉनचा थर असलेला घ्यावा, बिंडा कंपनीचे असे मिळतात. नुसता स्वस्त नायलॉन बक्कलच्या दातांत गुळगुळीत होतो आणि मग घसरतो.

क्लिपचं माप बुटाच्या नाकापुढे तीन ते पाच मिलिमीटर मोकळे राहतील असं घ्या. क्रँक आडवा ठेवून हँडल वळवून बघा, क्लिप पुढच्या टायरला लागते का. लहान फ्रेमवर हमखास लागते, आणि हळू वळताना फिक्सीवर पेडल थांबवता येत नसल्याने हा दोष किरकोळ नाही. रुंद पट्टा बुटाच्या पुढे काहीच वाढवत नाही, म्हणून लहान फ्रेमवाल्यांनी तोच घ्यावा. पट्ट्याशिवायच्या अर्ध्या क्लिप फिक्सीवर निरुपयोगी, त्या पाय वर जाण्यापासून अडवतच नाहीत.

दोन्हींत पेडल सुटं असताना वजनाने उलटं लोंबतं. पहिला पाय थांबलेल्या सायकलवरच घाला. दुसरा चालत्या सायकलवर: ४६ बाय १७ च्या गिअरला (पुढे ४६ दाते, मागे १७) ताशी १० किलोमीटर वेगाने क्रँकची एक फेरी सुमारे दोन सेकंदांत होते, तेवढा वेळ पुरतो. पेडल वर येत असताना बुटाच्या टोकाने मागची कड खाली दाबा, ते पलटेल, आणि लगेच पाय पुढे सरकवा. खाली बघायचं नाही. नाही जमलं तर पेडलच्या उलट्या बाजूवर पाय ठेवून फेरी मारा आणि पुन्हा प्रयत्न करा, फक्त पट्टा जमिनीला घासत राहील तोवर जोरात वळू नका.

पावसाळ्यात चामडं भिजून सैल पडतं, सावलीत वाळवून थोडं तेल लावा, उन्हात टाकू नका. वेल्क्रोला पाण्याचं काही नाही, चिखलाचं आहे. वेल्क्रोच्या बारीक हुकांत माती आणि धागे बसले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने कोरडं असताना घासा. स्किड मारताना वेल्क्रोचा चर्र आवाज आला, किंवा मार्करची रेघ सरकलेली दिसली, तर घट्ट करत बसू नका, पट्टा बदला.