पीबीएनचे होस्टिंग आणि ‘वेगळा सी-क्लास’: पार्श्वभूमी

प्रायव्हेट ब्लॉग नेटवर्क, म्हणजे पीबीएन, विकणाऱ्यांच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: ‘प्रत्येक साइट वेगळ्या सी-क्लास आयपीवर’. आयपी म्हणजे सर्व्हरचा चार आकड्यांचा पत्ता, आणि त्यातले पहिले तीन आकडे वेगळे असले की विक्रेते त्याला वेगळा सी-क्लास म्हणतात. या जाळ्यातल्या सगळ्या साइटचा मालक एकच असतो. मुदत संपलेली जुनी डोमेन तो विकत घेतो, त्यांवर वर्डप्रेस चढवतो आणि तिथून आपल्या कमाईच्या साइटला, धंद्याच्या भाषेत ‘मनी साइट’ला, शोधात ती वर यावी म्हणून लिंक देतो. गूगलच्या नियमांप्रमाणे हा सरळ लिंक स्पॅम आहे. मालक एकच असल्याचे लपले तरच त्याचा उपयोग, म्हणून या धंद्यात होस्टिंगची निवड वेगापेक्षा आणि खर्चापेक्षाही ओळख लपवण्यासाठी होऊ लागली. आयपीच्या पहिल्या तीन आकड्यांना एवढे महत्त्व कुठून आले, हे त्यामुळे नीट बघायला हवे.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या, पानाचे महत्त्व लिंकवरून मोजणाऱ्या पेजरँकमध्ये लिंक हे निवडणुकीतल्यासारखे मत मानले होते. डिसेंबर २००० मध्ये ब्राउझरला जोडायचा गूगलचा टूलबार आला. त्यात कुठल्याही पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा हिरव्या पट्टीत दिसू लागला आणि लिंकला भाव मिळाला. सात पेजरँकच्या पानावरची लिंक महाग, तीनच्या पानावरची स्वस्त, असा उघड बाजार उभा राहिला. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या सर्चकिंग कंपनीने ऑगस्ट २००२ मध्ये अशा लिंक विकून देणारे जाहिरातजाळे काढले. थोड्याच दिवसांत तिचा स्वतःचा पेजरँक आठवरून चारवर घसरला. कंपनी कोर्टात गेली. पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि मतस्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे, असे सांगून न्यायालयाने मे २००३ मध्ये दावा फेटाळला. लिंकविक्रेत्यांनी यातून घेतलेला धडा एवढाच, की यापुढे जाळे दिसता कामा नये.

लपवायचे नेमके काय, याचे उत्तर त्यांना एका शोधनिबंधात सापडले. आयआयटी मद्रासचे पदवीधर कृष्ण भरत आणि जॉर्ज मिहाइला यांनी २००१ साली हाँगकाँगच्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत हिलटॉप नावाची पद्धत मांडली. एखाद्या विषयावरची ‘तज्ज्ञ’ पाने शोधायची आणि एकमेकांशी संबंध नसलेले किमान दोन तज्ज्ञ ज्या पानाकडे बोट दाखवतील ते वर आणायचे, अशी तिची मांडणी. दोन साइटचा संबंध आहे हे ओळखायला दोन कसोट्या होत्या. पहिली, आयपी पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असणे. म्हणजे २०३.०.११३.१० आणि २०३.०.११३.७७ हे एकाच घरचे. दुसरी, डोमेनमधले डॉट कॉम, डॉट को यांसारखे सामान्य भाग वगळून उरणारे शेवटचे नाव सारखे असणे. याशिवाय संबंध पुढे सरकतो असेही गृहीत धरले होते. अ आणि ब जोडलेले, ब आणि क जोडलेले, तर थेट पुरावा नसला तरी अ आणि क जोडलेलेच. पीबीएनवाल्यांनी पहिली कसोटी पाठ केली आणि हा शेवटचा नियम सोडून दिला. जाळी मुळात सापडतात ती याच तर्काने. एक साइट उघडी पडली की दोऱ्याला धरून बाकीच्या येतात.

नोव्हेंबर २००३ च्या ‘फ्लोरिडा’ अपडेटमध्ये, म्हणजे गूगलने क्रमवारीत केलेल्या बदलात, असंख्य व्यापारी साइट रातोरात खाली गेल्या, तेव्हा हिलटॉप लागू झाल्याची चर्चा पसरली. गूगलने तसे जाहीर केले नव्हते, पण पहिल्या तीन आकड्यांचा धसका तेव्हापासून बसला. ‘सी-क्लास’ हा शब्दही तोवर कालबाह्य झाला होता. जुन्या पद्धतीत १९२ ते २२३ ने सुरू होणारे पत्तेच क्लास सी होते, आणि १९९३ मध्ये सीआयडीआर ही पत्ते वाटण्याची नवी पद्धत आल्यावर वर्गवारीच संपली. आज विक्रेता ज्याला सी-क्लास म्हणतो तो स्लॅश-२४, म्हणजे २५६ पत्त्यांचा गट.

वेगळा आयपी हवाच, हा समज तांत्रिकदृष्ट्याही लंगडा होता. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत साइटचे नाव पाठवतो, त्यामुळे एका आयपीवर शेकडो साइट बिनदिक्कत नांदतात. स्वस्त शेअर्ड होस्टिंग त्यावरच उभे आहे. एकाच आयपीवरच्या साइट आणि स्वतंत्र आयपीवरच्या साइट यांना आम्ही सारखेच वागवतो, असे गूगलच्या क्रेग सिल्व्हरस्टीन यांनी सांगितले होते आणि मॅट कट्स यांनी पुढे त्याचा पुनरुच्चार केला. एकमेकांशी संबंध नसलेल्या लाखो साइट एकाच सर्व्हरवर असताना नुसत्या आयपीवरून शिक्षा करणे शक्यही नव्हते.

तरी मागणी होती, म्हणून ‘एसईओ होस्टिंग’ नावाचा माल बाजारात आला (एसईओ म्हणजे शोधात साइट वर आणण्याची खटपट). आतली रचना साधी होती. यंत्र बहुधा एकच, त्यावर वीसपंचवीस वेगवेगळ्या स्लॅश-२४ मधले पत्ते वळवलेले आणि वर एक कंट्रोल पॅनेल. नवी साइट टाकताना यादीतला आयपी निवडायचा, झाले. यातले दोष बाहेरून सहज दिसत. सगळे पत्ते एकाच नेटवर्कचे असल्याने त्यांचा एएस क्रमांक, म्हणजे नेटवर्कचा ओळखक्रमांक, एकच येई. सर्व्हर बसला की जाळ्यातल्या सगळ्या साइट एकाच मिनिटाला ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’ ही त्रुटी, देत आणि एकाच मिनिटाला परत येत. सर्वांत वाईट म्हणजे शेजार. त्या पत्त्यांवरचे इतर गिऱ्हाईकही हाच धंदा करणारे, त्यामुळे अख्खा गटच संशयास्पद ठरे. साध्या शेअर्ड होस्टिंगवर निदान शेजारी एखादी शाळा किंवा दवाखाना तरी असतो.

३ फेब्रुवारी २०११ ला आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला. जादा आयपी मागितला की होस्टिंग कंपन्या कारण विचारू लागल्या. एसएसएल, म्हणजे साइटची सुरक्षित जोडणी, हे कारण चाले, एसईओ चालत नसे. मग लोक दुसऱ्या वाटेने गेले: वीस साइट, वीस स्वस्त कंपन्या, वीस खाती. यात कष्ट प्रचंड. वीस पासवर्ड, वीस नूतनीकरणाच्या तारखा, पहिल्या वर्षी किरकोळ आणि दुसऱ्या वर्षी कितीतरी पट दर, कुठे जुनी पीएचपी, कुठे महिनोन्‌महिने अपडेट न केलेले प्लगइन आणि त्यातून हॅक झालेली साइट. एक बिल चुकले की लिंकच्या जागी ‘अकाउंट सस्पेंडेड’चे पान.

शिवाय नावे वीस असली तरी नेटवर्क वीस असतातच असे नाही. ब्लूहोस्ट, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट आणि २०१२ पासून होस्टगेटर हे ब्रँड एंड्युरन्स या एकाच कंपनीच्या छत्राखाली होते. २ ऑगस्ट २०१३ ला यूटा राज्यातल्या प्रोव्होच्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि हे चारही ब्रँड एकदम आडवे झाले. चार ठिकाणी साइट विभागून ठेवल्याच्या भ्रमात असलेल्यांना त्या दिवशी सगळे एका छपराखाली असल्याचे कळले. मुंबईच्या डायरेक्टी समूहाचे बिगरॉक आणि रिसेलरक्लबही २०१४ मध्ये एंड्युरन्सकडेच गेले. म्हणून साइट कुठे आहे हे ब्रँडच्या नावावरून ठरवू नये. आयपीचा व्हूइज, म्हणजे तो कुणाच्या नावावर आहे याची नोंद, काढून एएस क्रमांक बघावा. ब्लूहोस्टच्या बाबतीत, उदाहरणार्थ, एएस ४६६०६ पुन्हापुन्हा दिसतो.

आयपीच्या पलीकडचे माग मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नसत. मार्च २००५ मध्ये गूगलचा जुन्या माहितीवर आधारलेल्या क्रमवारीचा पेटंट अर्ज प्रसिद्ध झाला. त्यात डोमेन किती वर्षांसाठी नोंदवले आहे आणि त्याच नेमसर्व्हरवर, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर, आणखी कोणत्या प्रकारची डोमेन आहेत, हे संकेत स्पष्ट लिहिलेले होते. रिसेलर खात्यावर प्रत्येक साइटला वेगळा नेमसर्व्हर दिला तरी डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या, एसओए नावाच्या मूळ नोंदीत व्यवस्थापकाचा तोच ईमेल राहून जाई. साइटपुढे आडोसा धरणाऱ्या क्लाउडफ्लेअर सेवेमागे लपणाऱ्यांचेही तसेच, कारण एका खात्यातल्या डोमेनना सहसा नेमसर्व्हरची एकच जोडी मिळते. अ‍ॅनालिटिक्सचा किंवा अ‍ॅडसेन्सचा क्रमांक सगळ्या साइटवर एकच ठेवणे म्हणजे मालकाने स्वतःची पाटी लावण्यासारखेच.

सर्वांत बोलका माग सर्टिफिकेटचा, म्हणजे साइटच्या सुरक्षित जोडणीच्या दाखल्याचा. एप्रिल २०१८ पासून क्रोम नव्या सर्टिफिकेटची जाहीर नोंदवहीत नोंद मागतो. सीपॅनेल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एका खात्यावर दुसरे डोमेन ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणून जोडले की मुख्य डोमेनखाली त्याचे उपडोमेन तयार होत असे, आणि आपोआप निघणाऱ्या सर्टिफिकेटवर दोन्ही नावे शेजारी-शेजारी छापली जात. ही नोंदवही कुणालाही फुकट शोधता येते, आणि नोंद कायमची असते. नंतर साइट दुसऱ्या होस्टवर हलवली तरी ती पुसली जात नाही. प्रतिस्पर्ध्याला लिंक दिसू नयेत म्हणून एएचरेफ्स आणि मॅजेस्टिक या लिंक तपासणाऱ्या सेवांचे बॉट अडवणेही अंगाशी येते, कारण पन्नास साइटच्या एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलने तेच बॉट अडवले की तेही लक्षणच ठरते.

कारवाया टप्प्याटप्प्याने झाल्या. मार्च २०१२ मध्ये बिल्डमायरँक या जाळ्याच्या बहुतेक साइट गूगलच्या यादीतून उडाल्या आणि सेवा बंद पडली. २४ एप्रिलला पेंग्विन हे लिंकची लबाडी पकडणारे गूगलचे अपडेट आले. सप्टेंबर २०१४ मध्ये खासगी जाळी चालवणाऱ्यांना ‘थिन कंटेंट’बद्दलच्या, म्हणजे कस नसलेल्या मजकुराबद्दल गूगलच्या माणसांनी केलेल्या, मॅन्युअल अ‍ॅक्शनचे संदेश मिळाले. कारण होते मजकूर, होस्टिंग नव्हे. त्यानंतर ‘पीबीएन होस्टिंग’ या नावाखाली साइट मोठमोठ्या क्लाउडवर विखरून देणाऱ्या सेवा आल्या, त्यामुळे आयपीचा प्रश्न जवळपास सुटला. पण सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन ४.० ने खेळच बदलला. अशा लिंकवरून अख्खी साइट खाली ढकलण्याऐवजी ते लिंकची किंमत काढून घेऊ लागले. आता जाळे पकडले गेल्याचा संदेश येतोच असे नाही. होस्टिंगचे पैसे दरमहा जात राहतात आणि लिंक मोजल्याच जात नाहीत. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक विकत घेणाऱ्या साइटसोबत लिंक देण्यासाठीच उभारलेल्या साइटही ओळखते. मार्च २०२४ च्या धोरणाने मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापरावरच बोट ठेवले. गूगलने दिलेले एक उदाहरण प्राथमिक शाळेच्या जुन्या डोमेनवर कॅसिनोचा मजकूर टाकण्याचे आहे. पीबीएनचा कच्चा मालच त्याने नियमबाह्य ठरला, मग होस्ट कुठलाही असो.

ज्यांच्या खरोखरच चार-पाच स्वतंत्र साइट आहेत, म्हणजे एक दुकान, एक ट्रस्ट, एक मासिक असा पसारा आहे, त्यांनाही विक्रेते वेगळ्या सी-क्लासची भीती घालतात. त्यांनी सगळ्या साइट एका चांगल्या सर्व्हरवर, एका आयपीवर ठेवाव्यात आणि वाचलेले पैसे रोजच्या बॅकअपवर, वेळच्या वेळी अपडेटवर आणि डोमेनच्या नूतनीकरणावर खर्च करावेत. साइटमधल्या लिंक वाचकाला उपयोगी असतील तिथेच द्याव्यात, आणि मालक एक आहे हे ‘आमच्याविषयी’च्या पानावर उघड लिहावे.