खाण जमिनीखाली, मग जंगलात रस्ता कशाला?

'खाण तर जमिनीखाली आहे, वरच्या झाडांचं काय बिघडतं?' भूमिगत कोळसा खाणीबद्दल हा प्रश्न हटकून येतो आणि ऐकायला बिनतोड वाटतो. तो किती पोकळ आहे, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या वेस्ट एल्क खाणीवरून नीट कळतं. ही खाण शेजारच्या सनसेट नावाच्या सरकारी जंगलाखाली वाढवायची होती. अस्पेन आणि स्प्रूस या झाडांच्या या पट्ट्यात रस्ते नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतल्या अशा ५ कोटी ८५ लाख एकरांवर २००१च्या नियमाने नवे रस्ते करायला मोठ्या प्रमाणात मनाई केली. कोलोरॅडोसाठी २०१२मध्ये वेगळा नियम आला आणि त्यात कोळशाकरता सुमारे १९ हजार एकरांची सवलत ठेवली गेली. तिथे 'तात्पुरते' रस्ते चालतील.

भूमिगत खाणीला वरून रस्ता लागतो तो मिथेनमुळे.

कोळसा घट्ट दिसतो, पण आतून तो अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. एका ग्रॅम कोळशातल्या छिद्रांचा आतला पृष्ठभाग उलगडून मांडला, तर तो शंभर चौरस मीटरहूनही जास्त भरू शकतो. या पृष्ठभागावर मिथेनचे रेणू चिकटून बसतात. हे शोषण नव्हे, अधिशोषण: वायू पाण्यासारखा आत मुरत नाही, भिंतीला थर धरून राहतो. वरच्या खडकाच्या आणि पाण्याच्या दाबाखाली तो लाखो वर्षं तसाच असतो. दाब आणि चिकटलेला वायू यांचं नातं मात्र सरळ रेषेचं नाही. अर्विंग लँगम्यूरने मांडलेल्या वक्रानुसार, कमी दाबाला दाब थोडा वाढला की चिकटणारा वायू झपाट्याने वाढतो आणि पुढे भिंती भरत आल्या की वक्र सपाट होतो. आता हाच वक्र उलटा वाचा. खोल थरातला दाब उतरू लागला की आधी थोडाच वायू सुटतो, पण दाब बराच खाली आला की तो भसाभस सुटू लागतो. सुटलेले रेणू आधी छिद्रांतून विसरणाने सरकतात, मग कोळशातल्या नैसर्गिक फटींतून वाहू लागतात.

आणि लाँगवॉल पद्धतीत दाब एकदम उतरतो. शेकडो मीटर रुंदीच्या तोंडावर यंत्र कोळसा तासत जातं आणि मागचं छत मुद्दाम कोसळू दिलं जातं. या कोसळलेल्या भागाला खाणीत 'गोफ' म्हणतात. त्याच्या वरचा खडकही तडकतो आणि आजूबाजूच्या थरांतला मिथेन गोफात उतरतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की एक ठिणगी स्फोटाला पुरेशी असते. कामगारांच्या जिवासाठी तो काढून टाकावाच लागतो, यात वाद नाही. म्हणून जंगलातून थेट गोफाच्या दिशेने भोकं पाडतात आणि पंपाने वायू खेचतात. भोक पाडायला अवजड यंत्र, यंत्राला सपाट केलेली जागा आणि तिथवर रस्ता. खाण पुढे सरकली की पुन्हा नवं भोक आणि आणखी रस्ता. बुलडोझरने घट्ट दाबलेली माती रस्ता बुजवल्यानंतरही बराच काळ पाणी मुरू देत नाही. 'तात्पुरता' हा शब्द कागदावरचा आहे.

वर खेचलेला मिथेन अनेकदा तसाच हवेत सोडतात. वीस वर्षांचा हिशेब धरला तर एक टन मिथेन ऐंशीहून जास्त टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. तोच जाळला तर फक्त पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. 'स्वच्छ कोळसा' या जाहिरातीत चिमणीबद्दल ऐकायला मिळतं, या भोकांबद्दल मला तरी कधी मिळालं नाही. काम थांबलं तरी पाणी न भरलेली खाण पुढेही वर्षानुवर्षं मिथेन सोडत राहते.

कोळशासाठीच्या रस्त्यांच्या सवलतीविरुद्ध पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. २०१४मध्ये न्यायाधीश ब्रूक जॅक्सन यांनी ही सवलत रद्दबातल ठरवली. सरकारी यंत्रणांनी कोळशाचा आर्थिक फायदा आकड्यांत मांडला होता, पण हवामानाच्या नुकसानीचा आकडा काढताच येत नाही म्हटलं होतं. तो काढायची पद्धत मात्र सरकारकडेच होती आणि आधीच्या मसुद्यात वापरलीही होती. 'इथला कोळसा काढला नाही तर तेवढाच दुसरीकडून येईल' हा बचावही न्यायाधीशांनी मानला नाही. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो एकदा मान्य केला की जगातली कुठलीच खाण कशालाच जबाबदार उरत नाही. २०१६च्या अखेरीस सवलत परत आणली गेली. २०२०च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने ती पुन्हा काढून टाकली, कारण पायलट नॉब हा भाग सवलतीतून वगळण्याचा पर्याय वन सेवेने धड तपासलाच नव्हता.

२०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने २००१चा मूळ नियमच मागे घेण्याचा इरादा जाहीर केला. स्वतंत्र नियमामुळे कोलोरॅडो त्यातून बाहेर आहे. बाकी बहुतेक राज्यांतल्या रस्ते नसलेल्या वनांवर मात्र तोच प्रश्न येऊन उभा राहिला आहे.