फुलं न्यायच्या आधी घरात एकदा विचारा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी आला की आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो आणि तो फुलांचा नसतोच. माणूस गुलाबाच्या बादलीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "न्यावं का नको ओ?" म्हणजे बायकोला आवडंल का, आई काय म्हणंल, गेल्या वर्षी नेलं नव्हतं मग यंदा नेलं तर उगंच संशय येईल का. आता मागं अंबाबाईला जायच्या घाईत हारवाली दहा गिऱ्हाईकं उभी, त्यात ह्याचं उत्तर कसं द्यायचं सांगा, म्हणून हे पत्रक छापलंय, घरी नेऊन निवांत वाचा.

पहिलं आमचं मत सांगून टाकतो. व्हॅलेंटाईन नाही केला तर काही बिघडत नाही. (फुलवाल्यानं असं लिहू नये असं धाकट्या भावाचं म्हणणं आहे, त्याचंही बरोबर आहे म्हणा.) बिघडतं कुठं, तर एकाला पायजे असतंय आणि दुसरा गृहीत धरून बसतो तिथं. "मला काय नको" म्हणणारीला बऱ्याचदा खरंच नको असतं आणि कधीकधी नसतं, पण हे 14 तारखेला संध्याकाळी सात वाजता दुकानात उभं राहून ओळखायला जाऊ नका, आठवडाभर आधी चहा पिताना सरळ विचारा की ह्यावेळी करायचं का आपण, आणि किती खर्च करायचा तेही तिथंच बोलून घ्या. नको ठरलं तर नको, विषय कट. आणि वहिनी, हे तुम्हालाही लागू आहे, दादांना फुलं आवडत नसतील असं कुणी सांगितलं?

राजारामपुरीतलं एक जोडपं आमचं जुनं गिऱ्हाईक आहे. फेब्रुवारीत ते इकडं फिरकतसुद्धा नाहीत, पण मोगरा सुरू झाला की दर शनिवारी गजरा ठरलेला. गजरा बाई स्वतः निवडून घेतात, पैसे सर देतात आणि मग दोघं रंकाळ्यावर चक्कर मारायला. सरांना एकदा विचारलं, तुम्ही का निवडत नाही, तर म्हणाले चाळीस वर्षांत एकदा निवडला होता, पुरे.

"आपली संस्कृती नाही" म्हणणारे काका पण येतात, त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, फक्त एवढंच सांगतो की ज्या संताच्या नावानं हे चालतं त्याचा दिवस रोमच्या चर्चनंच 1969 साली आपल्या मुख्य कॅलेंडरातून काढून टाकला, कारण त्याची पक्की माहितीच फारशी नव्हती. आता जे चाललंय त्यात बराचसा खेळ आमच्यासारख्या दुकानदारांचा. जपानात तर 14 फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि पुरुषांनी परतफेड करायची म्हणून 14 मार्चचा वेगळा दिवस तिथल्या मिठाईवाल्यांनी 1978 च्या सुमारास सुरू केला, डोकं बघा. त्यामुळं कुणी कुणाला द्यायचं ह्याचा कायदा कुठं लिहून ठेवलेला नाही.

आपल्याकडं नवराबायकोचा हक्काचा दिवस म्हणजे दिवाळीचा पाडवा. औक्षण, ओवाळणी, सगळं घरच्यांसमोर आणि कुणी नाक मुरडत नाही. बरीच जोडपी आम्हाला सांगतात की आमचं जे काय असतंय ते पाडव्यालाच, फेब्रुवारीत काय नाही, आणि ते एकदम भारी आहे. वटपौर्णिमेला काही वहिनी उपास करतात, काही करत नाहीत, ज्याचं त्याचं. वडाच्या फांद्या मात्र आम्ही विकत नाही, फुलं आणि हार न्या आणि झाडापाशी जा. 2024 ला तर 14 फेब्रुवारीलाच वसंत पंचमी आली होती, एका बादलीत सरस्वतीसाठी पिवळी शेवंती आणि शेजारी लाल गुलाब, एकाच पिशवीत दोन्ही नेणारेही होते.

आता दराचं. तळेगाव-मावळकडचे शेतकरी डिसेंबरातच गुलाबाची छाटणी अशी धरतात की साधारण दीड महिन्यानं, ऐन ह्या दिवसांत फूल तोडायला यावं. त्यातला चांगला माल परदेशी जातो, लग्नसराईही चालू असते, मग उरलेल्यावर उड्या पडतात आणि 20 फुलांचा बंच एका रात्रीत कुठल्या कुठं जातो. आम्ही दर वाढवतो ते हौसेनं नाही राव, आम्हालाच तसा मिळतो. तारखेचा हट्ट नसेल तर 16-17 ला या, तोच गुलाब बऱ्याच कमी पैशात. निशिगंध नाहीतर जरबेराही बघा, लाल गुलाबच पायजे असं काय नाही. मोगरा फेब्रुवारीत मागू नका, त्याचा खरा बहर उन्हाळ्यात, आत्ता मिळाला तर महाग आणि वास कमी.

घरपोच पाठवायचं असेल तर एक नियम आहे. नाव न सांगता कुणाच्या ऑफिसात किंवा हॉस्टेलवर आम्ही फुलं पोचवत नाही. आधी पोचवायचो, पण एकदा एक मुलगी सगळ्या स्टाफसमोर बुके हातात धरून रडकुंडीला आलेली आमच्या पोरानं बघितली, तेव्हापासून बंद. आता घेणाऱ्याला आधी फोन करून विचारतो, नको म्हटलं तर पैसे परत. सरप्राईज थोडं कमी होतं, असू दे.

ऑर्डर 12 तारखेपर्यंत द्या, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रद्द केली तरी पूर्ण पैसे मिळतील. घरात विचारल्यावर नकार आला म्हणून रद्द करताय असं सांगितलं तरी चालंल, आम्ही हसणार नाही.

गुलाब घरी नेल्यावर देठ तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला आणि शेजारी पिकलेली केळी नाहीतर चिक्कू ठेवू नका, त्यांच्या वायूनं फूल लवकर मान टाकतं. गजरा असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा फ्रीजमध्ये. डब्यावर नाव लिहा, नाहीतर सकाळी कुणीतरी देवाला वाहून मोकळं होतंय.