पांढरा स्क्रीन आला की स्पीकर का गुरगुरतो?

जुना गेम टीव्हीला जोडला की स्क्रीन काळा आहे तोवर स्पीकर गप्प असतो आणि टायटल पांढरंफटक आलं रे आलं की मागून घर्रर्र सुरू होते, मग लोक म्हणतात कन्सोलचं वय झालं. पण गुरगुर चित्राबरोबर बदलत असेल तर कन्सोलला बोल लावण्याआधी केबल तपासा.

पिवळ्या पिनेतून जाणारा व्हिडिओ जेमतेम 1 व्होल्टचा, त्यातले 0.3 सिंकचे (म्हणजे रेघ आणि पडदा कुठे सुरू होतो ते टीव्हीला सांगणाऱ्या खुणेचे) आणि 0.7 चित्राचे. पॅल (भारतातली आणि युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) टीव्हीवर सेकंदाला 15,625 रेघा निघतात आणि 50 वेळा पडदा वरून खाली भरला जातो, आणि दर दोन पडद्यांमध्ये थोडा वेळ सिग्नल काळा असतो. पडदाच काळा असेल तर काही फरक पडत नाही, पण पांढरा असला की सेकंदाला 50 वेळा पांढरं-काळं-पांढरं असे हेलकावे सुरू होतात आणि 50 हर्ट्झ व त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी आपल्या कानाला मस्त ऐकू येतात.

आता हे स्पीकरमध्ये कसं शिरतं? टीव्हीच्या आत 75 ओहमचा लोड असतो, 1 व्होल्टला 75 ने भागलं की साधारण 13 मिलिअँपिअर करंट येतो, आणि हा गेलेला करंट ग्राउंडच्या तारेतून परतही यायला लागतो ना. स्वस्त केबलमध्ये पिवळ्या (व्हिडिओ), पांढऱ्या (डावा आवाज), लाल (उजवा आवाज) तिघींना मिळून बऱ्याचदा एकच बारीकशी ग्राउंड असते. तिचा रेझिस्टन्स सांध्यांसकट 1 ओहम धरला तरी तिच्यावर 13 मिलिव्होल्ट पडले, आणि ऑडिओ तर तीच तार शून्य समजून बसलाय! जुन्या वाड्यात सगळ्या मोऱ्यांना मिळून एकच पाइप असला की वरच्यांनी बादली ओतल्यावर खालच्यांच्या मोरीत पाणी फुगतं, तसंच हे. गेमचा आवाज भरात असताना काहीशे मिलिव्होल्ट असतो म्हणून खपून जातं, हळू म्युझिक लागलं की उघडं पडतं.

दुसरा रस्ता म्हणजे शील्ड, म्हणजे भोवती जाळी, नसलेल्या तारा शेजारी शेजारी पळतात तेव्हा कपॅसिटन्समधून (न चिकटताही एकीतला सिग्नल दुसरीत झिरपतो त्यातून) रेघांची 15,625 हर्ट्झची बारीक शिट्टी ऑडिओत उतरते. ही घरातल्या पोरांना ऐकू येते आणि आजोबांना नाही, त्यामुळे भांडणं होतात ती वेगळीच.

काळ्या स्क्रीनवरही गुरगुर तेवढीच राहिली तर ते प्रकरण निराळं, बहुतेक ग्राउंड लूप. टीव्हीला केबलवाल्याची वायर आणि अँप्लिफायरला तीन पिनांचा प्लग, असे अर्थचे दोन रस्ते झाले की होतं हे. केबलवाल्याची वायर काढून बघा, थांबली तर चोर सापडला.

केबल स्वतः बनवायची तर नियम एकच, व्हिडिओला स्वतःची जाळी आणि ऑडिओला स्वतःची. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर दुकानदार सीसीटीव्हीची थ्री प्लस वन वायर पुढे करेल, त्यातली कोअॅक्स (मधे तार, भोवती जाळी अशी वायर) व्हिडिओला उत्तम, 75 ओहमचीच असते, पण उरलेल्या तीन तारांवर जाळी नसते आणि लोक नेमका त्यांच्यातूनच ऑडिओ नेतात. ऑडिओला माइकची शील्डेड वायर वेगळी घ्या. सोल्डर मारायच्या आधी पिनेचं टोपण वायरीत ओवून ठेवा, हे कुणी कितीही वेळा सांगितलं तरी विसरतंच. आणि कोअॅक्सवर आयर्न जास्त वेळ टेकवू नका, आतला पांढरा फोम वितळून मधली तार जाळीला चिकटते आणि चित्रच गायब, त्यामुळे प्रत्येक पिन मल्टीमीटरवर बीप लावून तपासा, टोक आणि कडा यांच्यात बीप येता कामा नये.

आता स्टिरिओ. आपल्याकडच्या त्या लाल-पांढऱ्या कॅसेटवाल्या डब्यांमध्ये तो मुळात नव्हताच, निन्टेन्डोच्या ज्या 1983 च्या फॅमिकॉमची ती नक्कल त्याचाही आवाज मोनो. तिथे एका ऑडिओच्या दोन पिना काढल्या तर बिनधास्त चालतं. उलटं मात्र करू नका, डावा आणि उजवा आउटपुट थेट एकत्र बांधले की दोघं एकमेकांवर जोर लावतात, मधे प्रत्येकाला 1 किलोओहमचा रेझिस्टर टाका. अँटेनाच्या वायरीने लावलेल्या गेमकडून तर स्टिरिओची अपेक्षाच नको, आतला मॉड्युलेटर (चित्र-आवाज टीव्ही चॅनेलसारखा करून पाठवणारा भाग) एकच ऑडिओ पाठवतो.

सेगाचा पहिला मेगा ड्राइव्ह, 1988 चा, त्याची गंमत बघा. आतली वायएम2612 चिप सहा एफएम चॅनेल (रेडिओ नव्हे, चिपने बनवलेले आवाज) डावी-उजवीकडे टाकू शकते, पण मागच्या गोल डिन सॉकेटला मोनोच येतो आणि खरा स्टिरिओ पुढच्या हेडफोन जॅकवर! म्हणून त्याच्या चांगल्या केबलला पुढे खोचायची वेगळी 3.5 मिलिमीटरची शेपटी असते, दिसायला गबाळं पण कानाला फरक लगेच कळतो.

सुपर निन्टेन्डोला मागे 12 पिनांचं सॉकेट, 9 वर कंपोझिट (पिवळ्या पिनेचा) व्हिडिओ, 11 डावा, 12 उजवा, इथवर सोपं आहे. घोळ 3 नंबरला आहे, जपानी आणि अमेरिकन मशीनवर तिथे सिंक येतो, युरोपच्या पॅल मशीनवर 12 व्होल्ट. जुन्या बाजारातून उचललेला डबा कुठल्या देशाचा हे खालचं लेबल वाचल्याशिवाय 3 नंबरला वायर लावू नका.

आणि नव्या चपट्या टीव्हीला पिवळं सॉकेट नसून 3.5 मिलिमीटरचं एव्ही भोक असेल तर सेटटॉप बॉक्सची पडून असलेली केबल सरळ चालेलच असं नाही. त्या पिनेवर चार पट्ट्या असतात आणि ग्राउंड कधी तिसऱ्या पट्टीवर, कधी मुळाशी. ग्राउंड जुळत असेल आणि फक्त बाकीच्यांची अदलाबदल असेल तर पिवळी लालमध्ये टाकून चित्र येतं, ग्राउंडच चुकीचं असेल तर चित्र थरथरतं आणि आवाज फुटतो, मग ती केबल सोडा आणि टीव्हीच्या मॅन्युअलमधली आकृती बघून दुसरी घ्या.