लॅपटॉप फॉरमॅट करून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवणे

बिघडलेल्या लॅपटॉपची डिस्क पुसून तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवणे हा सॉफ्टवेअरच्या बिघाडांवरचा शेवटचा उपाय मानला जातो. अर्धवट राहिलेले अपडेट, खराब झालेल्या सिस्टिम फाइली, न जुळणारे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) किंवा खोलवर मुरलेला व्हायरस यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे शोधत बसण्यापेक्षा सगळेच काढून टाकणे पुष्कळदा कमी वेळाचे ठरते. मात्र पुसले जाते ते फक्त डिस्कवरचे. रॅम, बॅटरी, पंखा, मदरबोर्ड आणि त्यावरील फर्मवेअर (चिपमध्ये कायम साठवलेले मूळ सॉफ्टवेअर) जसेच्या तसे राहतात, आणि दोष त्यांच्यात असेल तर नवी सिस्टिमही जुनीसारखीच अडखळते.

त्यामुळे निदान आधी करावे लागते. पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्सची लाइव्ह आवृत्ती ही त्यासाठी सोपी कसोटी आहे, कारण ती लॅपटॉपच्या डिस्कवर काहीही न बसवता रॅममधून चालते. तिच्यातही लॅपटॉप अचानक बंद पडत असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. उलट ती तासनतास सुरळीत चालली तर संशय डिस्कवर किंवा डिस्कवरच्या सिस्टिमवर येतो. या दोहोंतला फरक डिस्कच्या स्मार्ट नोंदींवरून, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदींवरून, बऱ्याच अंशी कळतो. खराब सेक्टरांची (डिस्कवरील साठवणुकीच्या छोट्या भागांची) संख्या वाढत चाललेली दिसली तर डिस्कच बदलावी लागते. अशी डिस्क फॉरमॅट करणे म्हणजे तोच बिघाड थोडा पुढे ढकलणे होय.

खरी जोखीम बॅकअपमध्ये असते. फाइली डी ड्राइव्हमध्ये हलवल्या की त्या सुरक्षित झाल्या, असा समज सर्रास आढळतो. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशन, म्हणजे वेगळे केलेले भाग, असतात आणि पूर्ण डिस्क पुसताना दोन्ही जातात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असतात, हेही विसरले जाते. ब्राउझरमधील बुकमार्क व पासवर्ड, ईमेल प्रोग्रॅमची स्थानिक पेटी आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नेहमीच्या फोल्डरांबाहेर असल्याने तो वेगळा शोधावा लागतो. घेतलेला बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय तो झाला असे समजू नये. सिस्टिम सुरूच होत नसेल तर लाइव्ह लिनक्समधून फाइली काढता येतात. परंतु डिस्कवर बिटलॉकर या विंडोजमधील सोयीचे एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणे) असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केल्यावर हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि की त्या खात्यात साठवली जाते. नवी सिस्टिम बसवायला ती लागत नाही, जुना डेटा वाचवायला मात्र लागते.

विंडोज ८ पासून (२०१२) सिस्टिम स्वतःलाच नव्याने उभी करू शकते, आणि विंडोज १० मध्ये २०२० साली त्यासाठीच्या फाइली इंटरनेटवरून ताज्या उतरवून घेण्याची सोय आली. व्हायरसचा संशय असेल तर हा मार्ग टाळून, दुसऱ्या निर्दोष संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करणे अधिक विश्वासाचे. मॅकमध्ये २०११ पासून रिकव्हरी ही वेगळी व्यवस्था आहे. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर या कळा दाबून, तर ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकवर पॉवरचे बटण दाबून धरून तिच्यात जाता येते. लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या फाइलींचे होम हे पार्टिशन आधीपासून वेगळे ठेवले असेल तर ते न पुसताही सिस्टिम बदलता येते.

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनची यादी येते तो टप्पा सर्वात सावधपणे पार पाडायचा असतो. तिथे साधारण १०० एमबीचे सिस्टिम पार्टिशन, १६ एमबीचे राखीव पार्टिशन, मुख्य मोठे पार्टिशन आणि रिकव्हरी अशा ओळी दिसतात. सी, डी ही ओळखीची अक्षरे तिथे नसतात, त्यामुळे डिस्क मुख्यतः आकारावरून ओळखावी लागते. बॅकअपची बाह्य डिस्क तोपर्यंत काढून ठेवलेली बरी. सर्व पार्टिशन काढून रिकामी जागा निवडली की इन्स्टॉलर नवी पार्टिशन स्वतः तयार करतो. कधी कधी ही यादी कोरीच असते. इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या आणि त्यापुढील पिढ्यांच्या अनेक लॅपटॉपवर त्याचे कारण डिस्क खराब होणे हे नसून व्हीएमडी नावाच्या, डिस्क हाताळणाऱ्या नियंत्रकाचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसणे हे असते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून तिथेच लोड केला की डिस्क दिसू लागते.

प्रॉडक्ट कीची चिंता सहसा करावी लागत नाही, कारण विंडोज ८ पासून उत्पादक ती फर्मवेअरमध्येच साठवतात आणि तीच आवृत्ती बसवल्यास सिस्टिम आपोआप सक्रिय होते. वाय-फायचा ड्रायव्हर नसल्याने इंटरनेट मिळत नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून तात्पुरते काम भागते.

लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचा असेल तर साधे क्विक फॉरमॅट पुरत नाही. त्यात फाइलींची अनुक्रमणिका नवी होते, मजकूर मात्र हार्ड डिस्कवर तसाच राहतो. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून डिस्कभर शून्ये लिहिते, आणि हार्ड डिस्कसाठी ते सहसा पुरेसे असते. एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) मात्र स्वतःच्या राखीव जागेतही डेटाच्या प्रती ठेवत असल्याने तिच्यासाठी उत्पादकाने दिलेला सिक्युअर इरेज (सगळा डेटा पुसण्याचा) आदेश वापरणे योग्य.

नवी सिस्टिम बसवून, अन्य काही टाकण्याआधीच जुना त्रास परतला तर कारण डिस्कबाहेर शोधावे. ते क्वचित फर्मवेअरमध्येही असते : २०१८ साली ईसेट या सुरक्षा कंपनीने उघडकीस आणलेला लोजॅक्स हा घातक प्रोग्रॅम मदरबोर्डवरील चिपमध्ये राहत असे आणि विंडोज पुन्हा बसवली किंवा डिस्कच बदलली तरी टिकून राही. अशा वेळी फर्मवेअर नव्याने लिहावे लागते, आणि तेही शक्य नसल्यास मदरबोर्ड बदलावा लागतो.